काँक्रीटसाठी बॅटरीवरचा हॅमर घेताना

पुण्या-मुंबईतल्या नव्या उंच इमारतीत राहायला गेलेल्या माणसाची पडद्याचा रॉड लावतानाच गाडी अडते. जुन्या घरात ज्या ड्रिलने विटेच्या भिंतीत दोन मिनिटांत भोक पडायचे, तेच ड्रिल इथे प्लास्टरचा थर संपला की जागच्या जागी फिरत राहते. बिटचे टोक तापून निळे पडते, हात भरून येतात, आणि भोक मात्र नखाएवढे खोल. याचे कारण ती भिंत विटेची नाहीच. ॲल्युमिनियमच्या साच्यात, ज्याला साइटवर सगळे ‘मायवान’ म्हणतात, स्लॅबबरोबर भिंतीही काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात आणि त्यांच्या आत सळईची जाळी असते. अशा घरांत काम करणारे वायरमन, एसी बसवणारे, ग्रिल-रेलिंगचे फॅब्रिकेटर, फॉल्स सिलिंगवाले या सगळ्यांना आज रोटरी हॅमर लागतो. शिडीवर चढून, वीज न आलेल्या मजल्यावर किंवा गच्चीच्या टोकाला काम असेल, तर तो बॅटरीवरचा असला की काम निम्मे हलके होते.

दुकानात मात्र एकाच फळीवर दहा यंत्रे असतात आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत व्होल्ट छापलेले असतात. खरेदी व्होल्टवर करू नका. तुम्ही रोज कोणत्या मापाचे भोक पाडता, ते आधी ठरवा. बाकीची सगळी निवड त्या एका उत्तरावर उभी राहते.

आधी इम्पॅक्ट ड्रिल आणि रोटरी हॅमर यांतला फरक नीट समजून घेऊ, कारण इथेच सर्वात जास्त पैसे वाया जातात. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी कडांच्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि त्या दात्यांवरून उडी मारताना चक पुढे-मागे थरथरतो. १६ दात्यांची चकती मिनिटाला २,८०० फेरे फिरली की ४४,८०० ठोके होतात. आकडा जबरदस्त दिसतो, पण एकेका ठोक्यात दम फार थोडा असतो आणि तोही तुम्ही मागून जितके रेटाल तितकाच. रोटरी हॅमरची रचना वेगळी आहे. त्यात एका नळकांड्यात पिस्टन मागे-पुढे होतो, त्याच्यापुढे हवा कोंडलेली असते आणि त्या हवेच्या दाबाने पोलादी ठोकळा पुढे फेकला जाऊन बिटच्या शेपटावर आदळतो. मिनिटाला ठोके चार-पाच हजारच, पण प्रत्येक ठोका काँक्रीटमधली खडी फोडतो. ठोका हवेने बसत असल्यामुळे तुमच्या रेटण्याची त्याला गरज नसते. यंत्र हातात स्थिर धरायचे आणि बिट भिंतीला टेकलेले राहील एवढाच जोर द्यायचा. जास्त रेटले तर ठोकळ्याची चाल आखडते, भोक हळू पडते आणि बॅटरी लवकर उतरते. म्हणून इम्पॅक्ट ड्रिलवर हात बसलेल्या कारागिराला पहिले काही दिवस मुद्दाम हात सैल ठेवावा लागतो. स्क्रू पिळण्याचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हे तिसरेच हत्यार आहे. त्याचे ठोके फिरण्याच्या दिशेने बसतात, त्यामुळे काँक्रीटला त्याचा उपयोग नाही.

दमाचे माप जूलमध्ये दिलेले असते. बॅटरीवरच्या छोट्या हॅमरांत ते साधारण १ ते ३ जूलपर्यंत असते. मकिताचा डीएचआर२०२ साधारण २ जूलचा, बॉशचा जीबीएच १८व्ही-२६ हा २.६ जूलचा, डिवॉल्टचा डीसीएच१३३ हाही २.६ जूलचा. तुलनेसाठी सांगायचे, तर बॉशचा वायरवाला ८०० वॅटचा जीबीएच २-२६ डीआरई २.७ जूलचा आहे. म्हणजे आजचा चांगला १८ व्होल्टचा हॅमर ठोक्याच्या बाबतीत वायरवाल्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. फक्त जूल पाहून भागत नाही, मिनिटाचे ठोकेही पाहा. २ जूल आणि ४,५०० ठोके म्हणजे सेकंदाला १५० जूलचे काम. २.६ जूल आणि ४,३०० ठोके म्हणजे १८६ च्या आसपास. दोन यंत्रांची तुलना या गुणाकारावर करा. आकड्यासोबत ‘ईपीटीए’ असे लिहिले आहे का, तेही बघा. ही युरोपातल्या हत्यार उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेली मोजणीची पद्धत आहे आणि त्या पद्धतीने मोजलेले आकडेच एकमेकांशी लावून बघण्यासारखे असतात. स्वस्तातल्या निनावी यंत्रावर ‘५ जूल’ छापलेले असले, पण ते कसे मोजले याचा पत्ता नसला, तर त्या आकड्यावर विसंबू नका.

आता भोकाचे माप. कॅटलॉगमध्ये ‘काँक्रीटमध्ये कमाल २६ मिमी’ असे लिहिलेले असते. कमाल म्हणजे यंत्र तिथपर्यंत जाऊ शकते एवढेच. रोज तिथे राबवण्यासाठी ते नसते. त्याच पानावर, थोड्या लहान अक्षरांत, सर्वोत्तम वापराचा पट्टा दिलेला असतो. २६ मिमीच्या वर्गासाठी तो बहुधा ८ ते १६ मिमी असतो. वायरमन प्लास्टिकच्या गिट्टीसाठी ६ आणि ८ मिमीची भोके पाडतो, केबल ट्रे किंवा सिलिंगच्या रॉडसाठी ८ ते १२. त्याला २ जूलच्या आसपासचा, वजनाने हलका हॅमर पुरतो आणि दिवसभर वर हात करून काम करताना तोच बरा पडतो. एसीच्या बाहेरच्या युनिटचे ब्रॅकेट, रेलिंगची बेसप्लेट, सोलरचा सांगाडा यांना १० आणि १२ मिमीचे अँकर बोल्ट लागतात, कधी १६. तिथे २.६ जूलच्या खाली येऊ नका. रोज २० मिमीच्या पुढची भोके असतील, केमिकल अँकरने सळया रोवायच्या असतील, तर जाड दांड्याची बिटे धरणाऱ्या, एसडीएस-मॅक्स नावाच्या मोठ्या यंत्राकडे वळा. ती बॅटरीवरही मिळतात, पण त्यांचे वजन आणि किंमत पाहता रोजचे तसे काम असेल तरच घ्यावीत.

इथे एसीवाल्यांसाठी एक गोष्ट. तांब्याच्या पाइपसाठी ६०-६५ मिमीचे आरपार भोक लागते. ते विटेच्या भिंतीत छोट्या हॅमरला कोअर बिट लावून कसेबसे होईल, काँक्रीटमध्ये नाही. तिथे पाण्यावर चालणारे डायमंड कोअर मशीन लागते. शिवाय मायवानच्या इमारतीत ती भिंत इमारतीचा भार वाहत असते. बिल्डरने पाइपसाठी जागा सोडलेली असेल तर ती शोधा. नसेल तर सोसायटीमार्फत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एवढे मोठे भोक घेऊ नका.

छोट्या हॅमरांतल्या बिट धरण्याच्या पद्धतीला एसडीएस-प्लस म्हणतात. १९७५ मध्ये बॉशने ती आणली आणि आता सगळ्या कंपन्या तीच वापरतात. १० मिमीच्या दांड्यावर दोन बंद खाचा असतात, त्यांत गोळ्या अडकून बिट बाहेर पडत नाही. दोन उघड्या खाचा असतात, त्यांतून फिरण्याचा जोर येतो. बिट बसवून हलके ओढून पाहिले, तर ते सुमारे एक सेंटीमीटर मागे-पुढे सरकते. नवे लोक याला ढिलेपणा समजतात, पण ती मोकळीक हवीच. त्यातच ठोका बसतो. म्हणून साधा तीन जबड्यांचा चक ॲडॉप्टरने जोडून ठोक्यावर वापरू नये. चकही जातो आणि यंत्राचे तोंडही. लाकूड-लोखंडाला भोके पाडायला तो ॲडॉप्टर चालेल, तेव्हा यंत्र फक्त फिरण्यावर ठेवायचे.

काम बदलण्याचा हा खटका नीट पाहून घ्या. पूर्ण यंत्रात तीन कामे असतात: नुसते फिरणे, फिरत ठोकणे आणि नुसते ठोकणे. नुसते ठोकणे असेल तर छिन्नी लावून टाइल्स काढता येतात, पाइपसाठी प्लास्टर फोडता येते. पण भिंतीत कन्सिल वायरिंगच्या लांबच लांब झऱ्या मारण्याचे काम बॅटरीवरच्या हॅमरवर टाकू नका. सलग ठोकण्याने बॅटरी भराभर उतरते आणि यंत्र तापते. ते काम वायरवाल्याचेच. नुसते फिरणे मात्र अत्यावश्यक आहे. सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकमध्ये ठोके मारले की भोक वाकडेतिकडे मोठे होते आणि गिट्टी फिरत राहते. बाथरूमच्या टाइल्सवर तर पहिल्याच ठोक्याला तडा जातो. टाइल पार होईपर्यंत टाइलचे बिट आणि नुसते फिरणे, मग आत काँक्रीट लागले की बिट बदलून ठोके.

बॅटरीवर सविस्तर बोलायला हवे, कारण हॅमर चार-पाच वर्षे चालतो, पण तुम्ही बांधले जाता ते बॅटरीच्या घराण्याशी. एका कंपनीची १८ व्होल्टची बॅटरी त्याच कंपनीच्या ग्राइंडरला, ड्रायव्हरला, कटरला बसते, दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही. म्हणून तुमच्याकडे आधीच एखाद्या कंपनीचा बॅटरीवरचा ड्रायव्हर असेल, तर हॅमरही तिथलाच, नुसती बॉडी घ्या. यात जे पैसे वाचतात ते इतर कशाने वाचणार नाहीत. पहिलीच खरेदी असेल तर हॅमरबरोबर त्या कंपनीची बाकीची यंत्रेही डोळ्यांखालून घाला आणि तुमच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी तिचे सर्व्हिस सेंटर आहे का, ते विचारा. सिंधुदुर्गातल्या कारागिराला दुरुस्तीसाठी यंत्र दर वेळी कोल्हापूरला पाठवावे लागत असेल, तर कागदावरचे २.६ जूल त्याच्या काय कामाचे?

‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ यांत फरक नाही. दोन्हींत ३.६ व्होल्टच्या पाच पेशी ओळीने जोडलेल्या असतात. पाच पेशी पूर्ण चार्ज झाल्यावर २०-२१ व्होल्ट दाखवतात, काम करताना १८. बाजारात ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे छापलेली स्वस्त यंत्रे येतात. त्यांतही बहुधा याच पाच पेशी असतात आणि छापलेल्या आकड्याचा व्होल्टशी काही संबंध नसतो. खऱ्या ताकदीचा हिशोब वॅट-तासांत करा. १८ गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास. भोक पाडताना यंत्राने ५०० वॅट ओढले असे धरले, तर सलग खटका दाबून सुमारे ११ मिनिटे. एका भोकाला १५ सेकंद लागत असतील तर चाळीसेक भोके. हा कागदावरचा अंदाज आहे. काँक्रीट, बिट आणि भोकाची खोली यांवर तो खाली-वर होतो. पण दिवसाला शंभर भोके असतील तर दोन बॅटऱ्या आणि एक जलद चार्जर लागणारच, हे त्यातून कळते.

किटमध्ये २ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी मिळत असेल तर ती ड्रायव्हरसाठी ठेवा. तिच्यात पाच पेशींची एकच ओळ असते आणि हॅमर ओढतो तो सगळा करंट त्या ओळीला एकटीला द्यावा लागतो. ती तापते, व्होल्ट खाली बसतात, ठोका मंदावतो. ४ किंवा ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत बहुधा दोन ओळी असतात किंवा जाड पेशी असतात, त्यामुळे भार वाटला जातो. म्हणजे मोठी बॅटरी नुसती जास्त वेळ चालते असे नाही, ती त्याच यंत्राचा ठोकाही टिकवून धरते. हॅमरला ४ अँपिअर-तासाच्या खालची बॅटरी लावू नका. मोटार ब्रशलेस घ्या. कार्बन बदलण्याची कटकट नाही, आणि तेवढ्याच चार्जवर भोके जास्त पडतात.

आपल्याकडचा उन्हाळा बॅटरीचा शत्रू आहे. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, आधी सावलीत निवू द्या. बहुतेक पुस्तिकांत साधारण ४० अंशांच्या पुढे चार्ज करू नका असेच लिहिलेले असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी हवाच त्याच्या पुढे जाते. दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या टेम्पोत बॅटरी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणे. महिनाभर काम नसेल तर निम्मी चार्ज करून थंड जागी ठेवा.

नातेवाईक परदेशातून यंत्र आणणार असतील तर दोन गोष्टी तपासा. अमेरिकेतला चार्जर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो घातला की जळतो. आणि विमानात सुटी बॅटरी फक्त हातातल्या सामानात नेता येते, तीही १०० वॅट-तासांपर्यंतच विनापरवानगी. १८ व्होल्टची ५ अँपिअर-तासाची बसते, ६ ची १०८ होते. तिथली वॉरंटीही बहुधा इथे चालत नाही.

आता सुरक्षेचा भाग, ज्यावर मी पैसे खर्च करायला सांगेन. काँक्रीटमध्ये बिट सळईला अडकले की फिरायचे थांबते, पण मोटार फिरतच असते, आणि मग यंत्रच हातात गरकन फिरते. शिडीवर एका हाताने धरलेले यंत्र असे फिरले तर मनगट मोडते किंवा तोल जातो. प्रत्येक बऱ्या हॅमरमध्ये घसरणारा क्लच असतोच. त्याच्या पुढे जाऊन यंत्राचे अचानक फिरणे ओळखून मोटार थांबवणारी इलेक्ट्रॉनिक सोय बॉश, मकिता, डिवॉल्ट, हिल्टी यांच्या काही मॉडेलांत असते, नावे वेगवेगळी. उंचीवर काम असेल तर ही सोय असलेलेच मॉडेल घ्या. बाजूचा दांडा लावल्याशिवाय यंत्र चालवू नका.

कंपनाचाही आकडा पुस्तिकेत असतो, मीटर प्रति सेकंद वर्ग या मापात. युरोपच्या २००२ च्या नियमानुसार आठ तासांच्या दिवसासाठी २.५ ला मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ ही कमाल मर्यादा. यंत्राचे कंपन १० असेल तर खटका दाबलेली अवघी अर्ध्या तासाची वेळ पहिल्या पातळीला पोहोचते आणि दोन तासांत मर्यादा संपते. कंपन १५ असेल तर तीच मर्यादा तासाच्या आत. वर्षानुवर्षे याकडे दुर्लक्ष झाले की बोटे बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात. त्यामुळे दोन यंत्रे सारखी वाटली तर कमी कंपनाचे घ्या.

बिटमध्ये काटकसर करू नका. टोकाला दोन पात्यांचे साधे बिट सळईला चाटून गेले तरी अडकते. चार पात्यांचे बिट महाग असते, पण भोक गोल पाडते आणि सळईजवळ तग धरते. अँकर बोल्टसाठी भोकाचे माप चोख लागते, तेव्हा बिटवर पीजीएम ही जर्मन खूण आहे का ते बघा. झिजलेल्या बिटचे भोक अरुंद होते आणि बोल्ट ठोकून बसवावा लागतो. बिटच्या दांड्याला दर वेळी चिमूटभर ग्रीस लावा.

सळई लागली हे हाताला आणि डोळ्यांना लगेच कळते. पिठासारखी करडी भुकटी येत असते ती थांबते, ठोक्याचा भरीव आवाज जाऊन खणखणीत होतो, बिट पुढे सरकत नाही आणि भोकात टॉर्च मारला तर तळाशी धातूचा ठिपका चमकतो. तिथेच थांबा. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे कॉलमच्या सळईवर सर्वसाधारणपणे ४० मिमी काँक्रीटचे आवरण असते, स्लॅबला सौम्य हवामानात २० मिमीच. म्हणजे ५० मिमीच्या गिट्टीच्या भोकातही सळई लागणे साहजिक आहे. भोक दोन-तीन इंच बाजूला घ्या आणि जुने भोक न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत उघड्या पडलेल्या सळईला गंज धरायला वेळ लागत नाही. नव्या व्यापारी इमारतींत पोस्ट-टेन्शनिंगच्या ताणलेल्या तारा असलेले स्लॅब असतात. तिथे नकाशा पाहिल्याशिवाय किंवा स्कॅनर फिरवल्याशिवाय एकही भोक घेऊ नका.

घरात वर्षातून चार भोके पाडणाऱ्याने बॅटरीवरचा हॅमर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पडून राहिलेली बॅटरी खराबच होते. त्याने वायरवाला छोटा हॅमर घ्यावा किंवा भाड्याने आणावा. रोजच्या कारागिरासाठी माझी निवड अशी: १८ व्होल्ट, ब्रशलेस, २.६ जूलच्या आसपास, तिन्ही कामे करणारा, फिरणे रोखणारी सोय असलेला, ५ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांसह. फक्त सिलिंगचे काम असेल तर २ जूलचा हलका. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला घ्या किंवा गावच्या दुकानात, पक्के बिल घ्या, वॉरंटीची नोंदणी करा आणि शक्य असेल तर दुकानाबाहेरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर १० मिमीचे एक भोक पाडून, मग यंत्र डोक्यावर धरून बघा.

आणि त्याच बिलात चष्मा आणि एन-९५ मास्क लिहून घ्या. काँक्रीटच्या बारीक धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा करणारे औषध नाही. अमेरिकेच्या नियमात आठ तासांच्या सरासरीने हवेतली तिची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. ही धूळ डोळ्यांना दिसतही नाही. स्लॅबला खालून भोक पाडताना बिटवर धूळ झेलणारी वाटी लावा किंवा यंत्राला व्हॅक्यूम जोडा, आणि हाताखाली काम करणाऱ्या पोरालाही मास्क द्या, कारण शिडी धरून उभा असतो तो त्याच धुळीत श्वास घेतो.